ब्लोअर बंद ठेवा, वीज वाचवा

सोसायटीच्या कमिटीवर निवडून आलात? अभिनंदन! दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं, ते असो. पार्किंगच्या भांडणांतून वेळ मिळाला की पोडियमखाली एक चक्कर मारा. तिथे एसटीपी नावाचं प्रकरण आहे, म्हणजे इमारतीचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा फ्लशला देणारं केंद्र. बिल्डरने ते ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळवायला बांधलं, तुम्ही त्यातून वीज वाचवायची.

आधी ब्लोअर बंद करा. सगळं बिल तोच खातो आणि करतो काय, तर टाकीत हवा सोडतो! त्या हवेवर जिवाणू जगतात, तेच आपली घाण खातात, असं ऑपरेटर सांगेल. त्याचं मनावर घेऊ नका, तो फक्त रोज बारा तास तिथे बसतो. जिवाणू काय मेंटेनन्स भरतात?

वाइप्स, पॅड, तळणीचं तेल बिनधास्त सोडा. जाळी असतेच.

टाकीतलं पाणी तपकिरी आणि वास ओल्या मातीचा असेल तर टाकी ठणठणीत. म्हणून झाकण उघडून बघू नका. आमच्याकडे कुणी बघितलं नाही. रात्री ब्लोअर बंद, मग दुपारीही बंद. हवेवाचून ते जिवाणू मेले आणि हवा नकोच असलेले त्यांचे भाऊबंद कामाला लागले. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. तेच पाणी पंपाने गच्चीवर आणि तिथून घरोघर फ्लशला. मुहूर्त कुठला, तर गौरीजेवणाचा. पंगत बसलेली, पुरणपोळीवर तूप पडतंय आणि आत्या बाथरूममधून नाकाला पदर लावून बाहेर. ‘‘अरे, तुमच्याकडे काळं पाणी येतं?’’ सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, ‘‘फ्रेशनर लटकवा.’’

तर लटकवा.

फारच बोंब झाली तर फ्लशच्या टाकीला पालिकेचं पाणी जोडा. भातसा-वैतरणेचं, शुद्ध केलेलं पाणी. तिकडे शहापूरच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण फिरतात, पण त्या काही आपल्या मेंबर नाहीत.

कुणी टोकलंच तर सांगा, पालिकेने आधी स्वतःची वरळी ते मालाडची सांडपाणी शुद्ध करणारी सात केंद्रं पुरी करावीत, मग आम्हाला शिकवावं.

शेवटी टाकी तुंबेलच. मग कंत्राटदाराला बोलवा. आमचा दोन पोरं घेऊन आला. दोरी नाही, मास्क नाही, गॅस मोजायचं यंत्र नाही. झाकण काढलं आणि म्हणाला, ‘‘वास कमी झालाय, उतर.’’

अहो, वास कमी होत नाही, नाक बधिर होतं! तो हायड्रोजन सल्फाइड वाढला की वासच येईनासा होतो आणि माणूस तिथल्या तिथे कोसळतो. साधनांशिवाय मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 30 लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये सांगितलं. तुम्ही दोन युनिट वाचवायला निघालात! मी झाकणावर जाऊन उभा राहिलो, म्हणून ते पोरगं वर राहिलं. आणि ग्रुपवर तुम्ही काय विचारत होतात? ‘‘काम कधी संपणार, गाडी काढायचीय.’’

लाज वाटू द्या जरा. खाली जा आणि तो ब्लोअर चालू करा. वाढलेलं बिल माझ्या मेंटेनन्समध्ये लावा, भरतो मी.