‘बापाला विचारतो कोण?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दत्तक देताना जन्मदात्या बापाचे हक्क काय, यावरच्या लेखाखाली एका निनावी वाचकांनी लिहिलं आहे: “आई एकटी मूल देऊन मोकळी होते, बापाला विचारतो कोण? त्याच्या सहीला काडीची किंमत नाही. लेखकाने कायदा वाचलेला दिसत नाही.” पुढे न्यायालयं, बायकांच्या बाजूचे कायदे आणि एकूण समाज यांच्यावर तोंडसुख आहे. ते सोडून देतो.

अहो, मुद्दा मांडा ना. पण ‘वाचलेला दिसत नाही’ ही कुठली बोलायची रीत? समर्पणपत्रं (आईबाप मूल कायमचं सोडून देत असल्याचा दस्त) आणि दत्तकपत्रं हे माझं रोजचं काम आहे. सावत्र वडिलांनी दत्तक घेण्याबद्दल लेखात दोनच ओळी होत्या, हे तुमचं म्हणणं मान्य. बाकी तक्रार ज्या एका वाक्यावर उभी आहे, तेवढंच घेऊ.

काडीची किंमत नाही? हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम ९ उघडा. २०१० च्या दुरुस्तीनंतर मूल देण्याचा अधिकार आईबापांना सारखा आहे, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय कुणालाच देता येत नाही. अपवाद तीनच: दुसऱ्याने संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयाने त्याला विकल मनाचा ठरवलं असेल. घटस्फोट त्या यादीत नाही. पोटगी थकवली, पाच वर्षं मुलाचं तोंड पाहिलं नाही, हेही नाही. फसतं ते इथेच. ‘ताबा माझ्याकडे आहे’ एवढ्यावर आई भावाच्या नावे दत्तकपत्र करते, नोंदणीही होते, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. कलम १६ प्रमाणे न्यायालय नोंदलेला दस्त खरा धरतं, पण देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या असतील तर, आणि उलट पुरावा येईपर्यंतच. बापाने संमती दिलीच नव्हती हे सिद्ध झालं की नोंदणीचा शिक्का दत्तक वाचवत नाही. म्हणून संमती तोंडी नको, दस्तातच घ्यावी. बाप हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडावा.

दुसरा मार्ग बालकल्याण समितीचा, म्हणजे सोडून दिलेल्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीचा, बालन्याय कायदा २०१५ खालचा. मूल विवाहित जोडप्याचं असेल तर समर्पणपत्रावर दोघांच्याही सह्या लागतात. एकटी आई आली आणि नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल, तर ते मूल समर्पित नव्हे, परित्यक्त (टाकून दिलेलं) धरून पालकांचा शोध घ्यावा लागतो. तिथे मूल ‘दत्तकासाठी मुक्त’, म्हणजे कायद्याने दत्तक देता येईल असं, ठरवायची मुदतही वेगळी: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने, त्यावरच्यासाठी चार. नवरा शेजारच्या गावात असताना ‘पत्ता नाही’ लिहून देणं ही पळवाट नाही, पुढच्या खटल्याची तयारी आहे. शिवाय विवाहित स्त्रीच्या मुलाचा बाप म्हणून कायदा आधी नवऱ्यालाच धरतो. रक्ताचा बाप दुसराच असला तरी समिती सही नवऱ्याची मागते.

राहिला अविवाहित बाप. तिथे समर्पणपत्र फक्त आईचं, त्याच्या सहीला जागाच नाही. पण साहेब, हे लेखाच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं! तिथपर्यंत पोचण्याआधीच आपला राग अनावर झाला असावा. आणि २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आपण तोंडावर फेकलात, तो अविवाहित आईच्या पालकत्वाच्या अर्जाचा आहे. बापाला नोटीस न देता ती पालक होऊ शकते, एवढंच त्यात ठरलं. दत्तकाचं प्रकरण ते नव्हतं.

अशा बापाने करायचं काय? समर्पणापासून साठ दिवस पुनर्विचाराचे असतात. त्या मुदतीतच बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. त्याच वेळी पितृत्व आणि पालकत्वासाठी न्यायालयात जावं, कारण समितीपुढच्या अशा अर्जाला कायद्याने ठरवून दिलेली वाट नाही. न्यायालयाचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. मूल दत्तकासाठी मुक्त जाहीर झालं की दार जवळपास बंद होतं, आणि दत्तकाचा आदेश निघाला की जन्मदात्यांचं कायदेशीर नातंच संपतं. खासगी डीएनए अहवाल घेऊन दत्तक संस्थेच्या फाटकावर भांडू नये. मूल परत द्यायचा अधिकार संस्थेला नाहीच, तो समितीचा.

पुढचा प्रश्न कलमाचा आकडा घालून विचारलात तर उत्तर देईन. नुसता आवाज चढवलात तर प्रतिक्रिया काढून टाकेन.