कुंदाचं बिल

आज सकाळी चहा पिता पिता फोनवर स्टेटस बघूलाल्तो. पिल्लं विकणाऱ्या त्या माणसाचा नंबर अजून माझ्याकडं सेव्ह आहे, काढायचं राहूनच गेलंय. लॅबची, म्हणजे लॅब्राडोर कुत्र्याची सहा पिल्लं, खाली लिहिलंय 'शो क्वालिटी, 40 दिवस पूर्ण, बुकिंग चालू'. आणि पिंजरा तोच! डाव्या कोपऱ्याला हिरवी नायलॉनची दोरी बांधलेला. ह्याच पिंजऱ्यातून आम्ही आमच्या कुंदाला उचललं होतं. चहा तसाच गार झाला. मी फक्त एवढंच पाठवलं, 'पिंजरा तोच काय?' अजून निळी टिक नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेल्या दिवाळीनंतर कोल्हापूरहून पिल्लू आणलं. 14 हजार, फोनवरून पेमेंट, बिल नाही. बिल मागितलं तर म्हणाला, 'अहो सर, जिवंत जीवाचं कसलं बिल?' मला ते त्या वेळी पटलं पण, काय मूर्ख मी. कोगनोळी टोलनाक्यापर्यंत ते पोरीच्या मांडीवर खोक्यात झोपलेलं. रंग बघून पोरीनं तिथंच नाव ठेवलं, कुंदा, आमच्याकडची ती खव्याची मिठाई. बेळगावची पोरगी, दुसरं काय सुचणार.

दुसऱ्या दिवशी रात्री उलटी. तिसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब, आणि तो वास... ज्यांनी पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा तो जीवघेणा विषाणूचा आजार, बघितलाय त्यांना सांगायला नको. डॉक्टरांनी किट लावलं, दोन रेघा उमटल्या. लक्षणं दिसायला विषाणू अंगात शिरल्यापासून तीनेक दिवस तरी जातातच म्हणाले, म्हणजे आजार आमच्या घरचा नाही, तिथूनच आलेला. पुढच्या पायाला सलाईनची सुई, वर चिकटपट्टी. पाण्याच्या भांड्यावर हनुवटी टेकून तासतासभर बसायचं, पाणी बघायचं, खरं प्यायचं नाही. पाचव्या दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उद्या पोरीला आणू नका.

त्या माणसाला फोन केला तर काय म्हणाला माहीत आहे? 'हवा बदलली ना सर. बघा, तुमच्यासाठी दुसरं देतो निम्म्या रेटनं.' अरे निम्म्या रेटनं! पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलला जुमानत नाही, ब्लीचिंग पावडरचं पाणी मारावं लागतं. लस पुरी न झालेलं दुसरं पिल्लू त्याच घरात आणायचं म्हणजे परत तेच. आणि हे त्याला माहीत नाही? धंदाच तो करतोय! मग तो पिंजरा तसाच कसा?

बरं, मान्य. एक लस झालेल्या पिल्लालासुद्धा पार्व्हो होऊ शकतो, विकताना ते वरून ठणठणीत दिसू शकतं. आम्हीपण घाई केली, लसीच्या कार्डावर नुसता स्टिकर होता, डॉक्टरचा सही-शिक्का नाही, ते बघायला पाहिजे होतं. गल्लीतलं पिल्लू पाळायचं होतं असं कमेंटमध्ये लिहिणारे लिहितीलच. लिहा. तेही खरंच आहे.

पण म्हणून विकणारा मोकळा? कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमात स्वच्छ लिहिलंय, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. हा 40 दिवसांची जाहिरात स्टेटसला लावतोय, उघड उघड!

माझा एक वकील मित्र आहे टिळकवाडीत, तो तेव्हाच म्हणाला होता तक्रार कर. मी म्हटलं दुकान महाराष्ट्रात, मी कर्नाटकात, कुठं हेलपाटे घालत बसू. तर म्हणे नव्या ग्राहक कायद्यात तू राहतोस तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, वकील लागत नाही, 5 लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही, ऑनलाइनपण होतं, आणि नुसतं विचारायचं असलं तर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन लाव. आमचा सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, खरं कुत्र्याच्या पिल्लापुरता सुटला म्हणायचा! पुढं मित्र म्हणाला, बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा, आणि सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीपण.

'सदोष माल.' हा शब्द ऐकून मी तेव्हा मित्रावरच भडकलो होतो. कुंदा माल? सलाईन लावलेल्या पायानं माझ्या बोटाला धरणारं पिल्लू म्हणजे मिक्सर काय? तो शांतपणे म्हणाला, मिक्सरच समज, मिक्सर जळला असता तर तू दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडला असतास ना. ह्यावर मला बोलता आलं नाही. खरंच भांडलो असतो की. जीव गेला म्हणून गप्प बसलो, पैशाचं बोलायची लाज वाटली. हीच लाज त्या विकणाऱ्याच्या धंद्याचं भांडवल आहे बघा.

दवाखान्याचे 11 हजार वेगळेच. ते नकोत मला. म्हणजे हवेत, उगाच मोठेपणा कशाला. खरं पोरगी अजून कुंदाचा पिवळा टॉवेल देत नाही, डॉक्टरांनी जाळा म्हणून सांगितलेला, तिनं कुठं लपवलाय आम्हाला सापडत नाही.

तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, अजून बाकी आहे. पेमेंटचा मेसेज आहे, चॅट आहे, किटचा फोटो आहे. आजच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट घेतलाय. आज रात्रीच फॉर्म भरायला बसतोय. कुणाला अनुभव असेल तर इनबॉक्स करा.

हे लिहीपर्यंत उत्तर आलं. माझा नंबर त्यानं 'बेळगाव लॅब' असा कायतरी सेव्ह केला असणार, ओळखलंच नाही.

'होय सर सेटअप तोच. मेल पिल्लू एकच राहिलंय, ॲडव्हान्स टाका, ठेवतो.'