सिनॉप्सिसमध्ये खुनी सांगायचाच असतो

लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. अप्रकाशित रहस्यकथाकारांसाठी परदेशात ज्या स्पर्धा होतात त्यांपासून सावध राहा, असं त्यात म्हटलंय. दावे असे: या स्पर्धा कल्पना चोरायला काढलेल्या असतात, म्हणून सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कादंबरीच्या कथानकाच्या सारांशात, खुनी कोण ते लिहू नका, हस्तलिखित आधी स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा, न फोडलेलं पाकीट म्हणजेच कॉपीराइट, फी मागितली की फसवणूक समजा, जिंकलात तर पुस्तक निघतंच, पस्तिशीच्या पुढे आणि भारतीयांना प्रवेश नाही. हे वाचून माझ्या भाचीने आपल्या सिनॉप्सिसचा शेवट कापून टाकला. म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

सगळ्यात घातक सल्ला खुनी लपवण्याचा. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनची स्पर्धा घ्या. १९९८पासून ती ‘डेब्यू डॅगर’ म्हणून ओळखली जायची, आता तिचं नाव ‘इमर्जिंग ऑथर डॅगर’. तिथे कादंबरीच्या सुरुवातीचे जास्तीत जास्त ३,००० शब्द आणि सोबत १,५०० शब्दांपर्यंतचा सिनॉप्सिस मागतात. पहिली पन्नास पानं घासूनपुसून चकचकीत करणारे पुष्कळ असतात. रहस्य शेवटी नीट मिटतं का, हे परीक्षकाला फक्त सिनॉप्सिसमधूनच कळतं. ‘इन्स्पेक्टर सत्यापर्यंत पोहोचेल का?’ असा शेवट केलात की परीक्षक एकच अर्थ काढतो: लेखकालाच उत्तर माहीत नाही.

मग लिहायचं काय? खून कोणाचा, कोणी केला, का केला. तपास कोणत्या धाग्याने पुढे सरकतो, कोणावर खोटा संशय जातो आणि तो कशाने दूर होतो. कोणत्या पुराव्याने गाठ सुटते आणि तो पुरावा वाचकाला आधी कुठे दिसलेला असतो. शेवटी तपास करणाऱ्याचं काय होतं. वर्तमानकाळ, तृतीय पुरुष. नावं पाचसहा, बाकीच्यांना ‘शेजारी’, ‘डॉक्टर’ म्हटलं तरी चालतं. वर्णनं आणि संवाद गाळा. अर्धा सिनॉप्सिस पहिल्या दोन प्रकरणांवर खर्च होऊन उकल चार ओळींत उरकली जाते, ही नेहमीची चूक. म्हणून आधी उकल लिहा, मग मागे या. आणि ३,००० शब्द म्हणजे सलग सुरुवात. मधलं आवडतं प्रकरण पाठवायचं नसतं. प्रसंग २,८५० शब्दांवर संपत असेल तर तिथेच थांबा.

आता चोरीची भीती. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलंय की कल्पना, विषय किंवा कथानक यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर, अभिव्यक्तीवर. म्हणजे ‘विहिरीत सापडलेला सावकार’ ही कल्पना कोणीही वापरू शकतो, आणि तुम्ही लिहिलेली पानं मात्र लिहिल्या क्षणापासून तुमची. १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे ब्रिटनमध्येही हेच संरक्षण मिळतं. पाकिटावरचा शिक्का एवढंच सांगतो की ते पाकीट त्या दिवशी टपालात पडलं. उघडं पाकीट पाठवून आत कागद नंतरही घालता येतात, मग तो पुरावा कसला? शिवाय रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा १ सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालीय, तेवढं तरी फॉरवर्ड करणाऱ्यांनी तपासायचं. पुरावा हवाच असेल तर तारखेसह सगळे खर्डे जपा, नाहीतर कॉपीराइट कार्यालयाचा फॉर्म १४ भरून ५०० रुपयांत नोंदणी करा.

फीबद्दल थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. डॅगरची फी गेली काही वर्षं ३६ पौंड आहे, आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ती जड जाते. आणि सगळ्यांनाच ‘विजेते’ ठरवून नंतर छपाईचं बिल पाठवणाऱ्या स्पर्धाही खरोखर असतात. त्या ओळखायची खूण म्हणजे निकालानंतर पैसे कोण कोणाला देतं. न्यूयॉर्कची प्रकाशनसंस्था मिनोटॉर बुक्स आणि रहस्यकथाकारांची संघटना मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका यांच्या स्पर्धेला फी नाही, तिथे पूर्ण कादंबरी लागते आणि विजेत्याला १०,००० डॉलर आगाऊ मानधन देऊ केलं जातं.

डॅगर जिंकलं की पुस्तक निघतंच, हेही खोटं. लेखक आमेर अन्वर २००८मध्ये जिंकला. पुस्तक त्याने २०१७मध्ये स्वतःच काढलं, प्रकाशक मिळाला त्यानंतर. उलट रहस्यकथाकार लुईझ पेनी याच स्पर्धेच्या २००४च्या फेरीत जिंकली नव्हती, तरी पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक बाहेर आलं.

वयाची अट? १९३८मध्ये जन्मलेला कॅनडाचा लेखक ॲलन ब्रॅडली २००७मध्ये डॅगर जिंकला, तोही कादंबरी पूर्ण नसताना. राष्ट्रीयत्वाची अट या दोन्ही स्पर्धांत नाही. खरी अडवणारी अट भाषेची आहे: लेखन इंग्रजीत लागतं, मराठी हस्तलिखित चालत नाही. फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही.