‘लास्ट किती, भाऊ?’

माझ्या जाहिरातीत स्वच्छ लिहिलंय: गॅरेट जीटी२८६०आरएस, बॉल बेअरिंग टर्बो, न वापरलेला, खोक्यासकट. (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा.) किंमतही दिलीये. तरी पहिलाच मेसेज, ‘लास्ट किती, भाऊ?’ अरे, फर्स्ट तरी बोल!

एकाला तो अल्टो ८०० ला बसवायचाय. बाबा रे, हा दोन लिटरच्या आसपासच्या इंजिनांचा माल. तुझ्या गाडीच्या धुराने त्याचं चाक धड गरगरणारही नाही. वर विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज वाढेल ना?’

दुसऱ्याला ‘चालू करून’ बघायचाय. कसा करू? त्याला काय बटण असतं? मिनिटाला लाखभर फेरे मारायला एक्झॉस्टचा गरम वायू लागतो, प्रेशरने ऑइल लागतं, म्हणजे अख्खं इंजिन लागतं. माझं ते इंजिन उभं राहिलं असतं तर विकायला कशाला काढला असता?

पण खरा छळ जाणकारांचा. शाफ्टचा व्हिडिओ काढा, हवा कोंबणाऱ्या कंप्रेसरच्या पात्यांचे जवळून फोटो पाठवा, मध्यरात्रीपर्यंत बूस्टवर, म्हणजे त्या जादा हवेच्या दाबावर, चर्चा. शेवटी काय, तर ‘घ्यायचा नाहीये, सहज विचारलं.’ सहज!

आणि हो, सोबत विकायला काढलेल्या इंजेक्टरच्या (इंजिनात इंधन फवारतो तो) बदल्यात जुना फोन देणाऱ्या दादा, नकोय. चार्जरसकट दिलात तरी नकोय.