पहिलं हेलिकॉप्टर साधंच घ्या

रिमोटने उडवायच्या छोट्या हेलिकॉप्टरांवरच्या लेखातला 'सुरुवातच ६ चॅनलच्या (म्हणजे रिमोटवर सहा वेगवेगळी नियंत्रणं असलेल्या) हेलिकॉप्टरने करा, नंतर दुसरं घ्यायचा खर्च वाचेल' हा सल्ला मला अजिबात पटला नाही. नवख्याने कोअॅक्सियलच घ्यावं. त्यात एकाच अक्षावर वरखाली असलेले दोन पंखे विरुद्ध दिशांनी फिरतात, त्यामुळे हेलिकॉप्टर गरगरत नाही. वाऱ्यात भरकटतं हे खरं, म्हणून बंद खोलीतच उडवा. खरी परीक्षा असते हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे वळल्यावर! डावं-उजवं उलटं होतं, हात गोंधळतो आणि पाती तुटतात. मला हे अंगवळणी पडायला कितीतरी दिवस लागले. आधी शेपूट स्वतःकडे ठेवून नुसतं एका जागी तरंगत ठेवायला शिका. आणि हो, सुटी पाती सहज मिळणारंच मॉडेल निवडा.