‘एका मुलीमागे दहा पुरुष’ : फिरत्या मजकुराला उत्तर

‘दुर्गम भागांत एका अविवाहित स्त्रीमागे दहा अविवाहित पुरुष आहेत, मुली शिकल्या म्हणून ही वेळ आली, तिथे जाणाऱ्या मुलीला हवे ते स्थळ मिळते’, असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. माझ्या भाचीला तो तिच्या आत्याने पाठवला आणि खाली ‘पुढे शिकायचे की नाही याचा नीट विचार कर’ असे लिहिले, त्यामुळे आता गप्प बसणे शक्य नाही.

आधी आकडा. दुर्गम भागांत तरुण स्त्रिया कमी असतात, एवढे मान्य करावेच लागेल. पण किती कमी? पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व जर्मनीतून तरुण मुली मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. बर्लिनमधील एका लोकसंख्या-अभ्यास संस्थेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिथल्या काही जिल्ह्यांत 18 ते 29 वयोगटात 100 पुरुषांमागे 80 हूनही कमी स्त्रिया आढळल्या. आता 100 पुरुष आणि 80 स्त्रिया असलेल्या वस्तीत 78 जोडपी जमली असे धरा. उरतात 22 पुरुष आणि 2 स्त्रिया, म्हणजे एकीमागे अकरा! जोडपी वजा केली की मूळची तूट अशी कितीतरी पट फुगते, आणि मजकूर लिहिणारा नेमका तोच फुगलेला आकडा मिरवतो. वयोगट तर तो सांगतच नाही. एकट्या स्त्रियांत विधवाही मोजल्या, तर वृद्धांच्या वस्तीत हे प्रमाण उलटेही होऊ शकते.

शिक्षणाचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे. शिकलेल्या मुली अधिक संख्येने बाहेर पडतात, हे त्याच पाहणीत दिसते. परंतु शिक्षणाने त्यांना जाण्याचे बळ दिले, जाण्याचे कारण नव्हे. खाण, लाकूडतोड, मासेमारी, लष्करी तळ अशी जिथली रोजगाराची साधने, तिथे कामे बहुतांशी पुरुषांनाच मिळतात. जमीन मुलाच्या नावावर होत असल्याने तो थांबतो, आणि मुलीला थांबण्यासारखे काही उरत नाही. तिला शिकवले नाही, तरी ती लग्न होऊन बाहेर जातेच. आणि ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांचे काय? निसर्गतः 100 मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात. चीनच्या 2020 च्या जनगणनेत हा आकडा 111.3 होता. या न जन्मलेल्या मुलींनी कोणती शाळा पाहिली होती, की तूट त्यांच्या शिक्षणाच्या माथी मारावी?

‘हवे ते स्थळ’ या आश्वासनाबद्दल एवढेच पुरे आहे की मुलींची संख्या घटली म्हणून त्यांची पसंती चालू लागत नाही. म्यानमारच्या काचिन आणि उत्तर शान भागांतील मुलींना नोकरीच्या आमिषाने चीनमध्ये नेऊन वधू म्हणून विकले जाते, हे ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 2019 मध्ये सुटका झालेल्या स्त्रियांच्या जबान्यांसह मांडले आहे. त्यांना स्थळ निवडायला कोणी सांगितले नव्हते.