विनियर सुटलंय म्हणून सोलून काढू नका

जुन्या स्पीकरच्या पेटीचं विनियर, म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर, कडेला उचललं की बहुतेक जण ते ओढून काढून सनमायका तरी लावतात, नाहीतर फटीत कॉन्टॅक्ट ग्लू ओततात. दोन्हींत चांगली पेटी हकनाक वाया जाते. विनियर असतं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर, पण ते बहुधा शाबूत असतं. दगा देतो तो खालचा ग्लू.

आधी ते खरं लाकूड आहे का ते बघा. छापील व्हिनाइलवर तीच नक्षी पुन्हा पुन्हा येते, आणि इस्त्री टेकवली की ते आक्रसतं. मग वूफर, ट्वीटर (पेटीतले आवाज काढणारे गोल भाग) काढून ठेवा, तारांच्या प्लस-मायनसवर खुणा करा. घासताना उडालेला भुसा त्यांच्यातल्या व्हॉइस कॉइलच्या (आवाजासाठी हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) फटीत गेला तर खरखर मागे लागलीच.

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे फट साफ करणं. जुन्या ग्लूच्या पापुद्र्यावर नवा ग्लू धरत नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी दुमडून आत सरकवा, हलक्या हाताने घासा, भुगा फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढा. विनियर कडक झालं असेल तर जबरदस्तीने उचलू नका, लाकडाच्या रेषेवरच तडकतं. ओलसर फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवली की ते नरम पडतं. पाणी मात्र बेताने. विनियरखालचा पार्टिकल बोर्ड (दाबलेल्या भुशाचा बोर्ड) एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही.

आता सुतारकामाचा पांढरा पीव्हीए ग्लू. जुन्या पोस्टकार्डाने आतपर्यंत पातळ पसरवा, आतून कडेकडे दाबत जादा ग्लू बाहेर काढा आणि लगेच पुसा, नाहीतर त्या डागावर पॉलिश चढत नाही. वर प्लास्टिक, त्यावर सपाट फळी, मग क्लॅम्प. २४ तास हात लावू नका. प्लास्टिक विसरलात तर फळीच चिकटेल.

मधोमध फुगा असेल तर नव्या ब्लेडने लाकडाच्या रेषेच्या दिशेने चीर द्या, आडवी नको. सिरिंजने दोन-चार थेंब सोडा, बाकी तसंच.

कॉन्टॅक्ट ग्लूला माझा विरोध एवढ्यासाठी, की टेकला की सरकवता येत नाही, उष्णतेत त्याचा थर ढिला पडतो, आणि थिनरचं पॉलिश मारलं की पुन्हा फुगे येतात. सुपरग्लूही नको. तो लाकडाच्या छिद्रांतून वर येतो आणि काळपट डाग पाडतो.

तुकडाच गायब असेल तर पेटीच्या तळाचं विनियर कापून घ्या, तेच लाकूड, तोच रंग. ठिगळ चौकोनी नको, होडीच्या आकाराचं, टोकं रेषेत निमुळती. आडवा सांधा लांबूनही दिसतो.

शेवटी १८० आणि मग २२० नंबर, हातानेच, रेषेच्या दिशेने. मशीन लावलं तर कोपऱ्यावर क्षणात खालचा बोर्ड उघडा पडतो. पॉलिश आधी तळाला लावून बघा आणि पूर्ण वाळल्यावरच रंग ठरवा.